आवाजासकट

त्याला सगळे दगड म्हणत, आणि गंमत म्हणजे त्याला ते आवडायचं. एकोणीस वर्षं तो फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी फुंकत होता आणि एकदा दिलेला निर्णय त्याने कधी फिरवला नव्हता. खेळाडू अंगावर धावून आले, प्रशिक्षकांनी टोप्या आपटल्या, प्रेक्षकांनी बाटल्या भिरकावल्या, हा आपला हात पाठीमागे बांधून उभा. घरी बायकोशी वाद झाला तरी हात तसेच पाठीमागे जायचे. चूक झाली असेल तर? झाली तर झाली. रेफरी चुकला तर लोक शिव्या देतात, पण डळमळला तर डोक्यावर बसतात, असं तो नव्या पोरांना छातीठोकपणे सांगायचा.

शिकवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचा पहिला धडा एकच होता : दिसेल ते बोल. रेफरीच्या गालाशी माइक असतो, लाइन्समनच्या कानात त्याचा आवाज जातो, तेव्हा जे दिसेल ते त्याच क्षणी तोंडावाटे बाहेर पडलं पाहिजे. चेंडू. पाय. खांदा. चालू दे. पोटात ठेवायचं नाही, कारण पोटात ठेवलेलं नंतर बाहेर येतं तेव्हा ते आपल्या सोयीचं झालेलं असतं. हे त्याचंच वाक्य, आणि खरं सांगायचं तर चांगलं वाक्य आहे. त्याची स्वतःची सवय तर इतकी पक्की झाली होती की काकडी चिरतानाही तो ‘देठ, साल, बी’ असं पुटपुटायचा आणि बायको विचारायची, “अहो, ऑफसाइड आहे का ती?”

हा धडा ज्यांनी गिरवला त्यांत त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. दगडानेच त्याला या कामात ओढलं, त्याच्या हातात झेंडा दिला, आणि आठ वर्षं मेहुणा त्याच्या सामन्यांत लाइन्समन म्हणून रेषेवरून पळला. भावजींचा शब्द म्हणजे शेवटचा. सामना संपला की जेवण ताईच्या हातचं, आणि जेवताना पुन्हा सगळा सामना मीठदाणी आणि चमच्यांनी टेबलावर खेळायचा.

मग सहा वर्षांपूर्वी एका सामन्यात मेहुण्याने ऑफसाइडचा झेंडा वर केला. दगडाने तो पाहिला, ‘खाली घे’ अशी खूण केली आणि गोल दिला. त्याच संध्याकाळी टीव्हीवर दिसलं की गोल मारणारा शेवटच्या बचावपटूच्या चांगला हातभर पुढे होता, म्हणजे ऑफसाइडच. आता कुणाच्या तरी माथ्यावर खापर फुटणार होतं. त्या मैदानात तेव्हा एकच कॅमेरा होता, तोही चेंडूच्या मागे फिरणारा. रेषेवरचा माणूस चित्रात नव्हता, आणि माइकवरचं बोलणं त्या काळी कुणी साठवून ठेवत नसे. दगडाने अहवालात लिहिलं : झेंडा वर नव्हता, गोल दिल्यानंतर उचलला.

मेहुण्याला वर्षभर घरी बसवलं. तो तणतणत ताईकडे आला आणि दारातूनच म्हणाला, “तुझा नवरा खोटारडा आहे.” ताईने क्षणभरही विचार केला नाही. माझ्या नवऱ्याला खोटारडं म्हणणाऱ्याने या घराची पायरी चढायची नाही, असं म्हणून तिने सख्ख्या भावाला दार दाखवलं. दगड मागेच उभा होता. त्याने एक शब्द काढला असता तर तिथेच मिटलं असतं, पण हा निर्णय फिरवणाऱ्यातला नव्हे. पुढे दोघांची आई आजारी पडली आणि गेली, तेव्हा दवाखान्यातल्या एकाच बाकाच्या दोन टोकांना बहीणभाऊ बसून होते, मधे आईच्या कपड्यांची पिशवी. पिशवी कुणी उचलायची हेसुद्धा त्यांनी नर्सकरवी ठरवलं.

मग लीगमध्ये व्हिडिओ आला. स्टेडियमच्या मागे, गाड्या लावायच्या जागेत, एक पत्र्याची खोली उभी राहिली. आत थंडगार हवा, नऊ पडदे, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर चित्रं मागेपुढे करणारा तंत्रज्ञ, दुसरीवर व्हिडिओ रेफरी. मेहुण्याने रेषेवरचं पळणं सोडून दिलं आणि या कामाची परीक्षा दिली. पहिला आला. निकालाच्या दिवशी चारचौघांत म्हणाला, “आता माझा झेंडा कोण खाली घेतो ते बघतो.” नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

व्हिडिओबरोबर एक नवी रीतही आली, नियमात कुठेही न लिहिलेली. खोलीतून सांगावा आला की रेफरी मैदानाकडेच्या पडद्यापाशी जायचा, दोनदा बघायचा आणि निर्णय बदलून यायचा. नियम म्हणतो, शेवटचा शब्द रेफरीचा. पण यंदाच्या हंगामात तोवर त्रेचाळीस वेळा रेफरी पडद्यापाशी गेले आणि त्रेचाळीसही वेळा बदलून आले. पडद्याकडे चालत जाणारा रेफरी दिसला की अर्धे प्रेक्षक आधीच नाचायला लागत. दगड या सगळ्यांना ‘माना डोलावणारे’ म्हणायचा. त्याला स्वतःला अजून एकदाही बोलावणं आलं नव्हतं, आणि त्याचाही त्याला तोरा होता.

पंचेचाळिसाव्या वर्षी शिट्टी खाली ठेवावी लागते. हा त्याचा शेवटचा हंगाम. एकोणीस वर्षांत त्याला सगळं मिळालं होतं, फक्त अंतिम सामना नाही. दरवेळी समितीला दुसराच कुणीतरी बरा वाटायचा. यंदा त्याला उपांत्य सामना दिला होता आणि अध्यक्ष कानात म्हणाले होते, “हा नीट काढा, फायनल तुमचीच.” शनिवारी सामना, सोमवारी सकाळी दहाला आढावा बैठक, बैठकीच्या शेवटी फायनलच्या रेफरीचं नाव. दिवाणखान्यात त्याने आठवड्यापूर्वीच एक खिळा ठोकून ठेवला होता, फायनलच्या फोटोसाठी. बायको येताजाता त्या खिळ्याकडे बघून हसायची, पण फडक्याने पुसायचीही.

शुक्रवारी नेमणुका करणाऱ्या बाईंचा फोन आला. ठरलेल्या व्हिडिओ रेफरीला मुतखड्याने आडवं केलं होतं आणि रिकामा होता तो मेहुणाच. “तुमचं दोघांचं नातं आहे, पण बोलणं नाही. म्हणजे नातं धरायचं का नाही, मलाच कळेना,” बाई म्हणाल्या. दगडाने विचारलं, “तो काय म्हणाला?” तो म्हणाला होता, मला काही फरक पडत नाही. मग दगडालाही पडून कसा चालेल? दोघांपैकी एक जरी नाही म्हणाला असता तरी बाईंनी दुसरा माणूस शोधला असता. पण आधी नाही म्हणणं म्हणजे हार, आणि या घराण्यात हार कुणी मानत नाही.

सामना एक-एक असा अडकला होता. मेहुण्याचा आवाज सुरुवातीपासून कानात येत होता, कोरडाठाक. “तपासलं. ठीक आहे.” भावजी नाही, अहो नाही, नुसतं ‘रेफरी’. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला पाहुण्या संघाचा नऊ नंबर चेंडू घेऊन गोलसमोरच्या पेनल्टी चौकोनात शिरला, यजमानांचा बचावपटू घसरत आला आणि नऊ नंबर कोसळला. दगड पंधरा पावलांवर होता, पण मधे दुसऱ्या एकाची पाठ आली. त्याला चेंडू बाजूला उडालेला दिसला. म्हणजे चेंडूच लागला असणार. त्याने दोन्ही हात पसरले : काही नाही, चालू द्या.

नऊ नंबर उठला तो मोजा खाली करूनच. घोट्यावर बुटाच्या खिळ्यांचे ठसे लाल उमटले होते आणि तो पाय दगडाच्या तोंडासमोर नाचवत होता. दगडाने त्याला पिवळं कार्ड दाखवलं.

“थांबा, रेफरी,” कानातला आवाज म्हणाला. “तपासतोय.” मैदान थांबलं. पाऊण मिनिट गेलं. मग : “पडद्यावर बघावं, अशी शिफारस आहे.”

अर्धं स्टेडियम नाचायला लागलं. दगड चालत निघाला. चालताना तो संतापला होता, आणि तो संताप नऊ नंबरवर नव्हता, बचावपटूवर नव्हता. सहा वर्षं टपून बसला होता हा, आजच्या या एका मिनिटासाठी, असं त्याला वाटलं.

पडद्यावर आधी बाजूचा कॅमेरा आला. त्यातून काही कळत नव्हतं. मग गोलच्या मागचा, हळू. गोलकीपरचा पाय मधेमधे येत होता, वाद घालणाऱ्याला वाद घालता आला असता. पण दगड वाकून, नाक काचेला लावून बघत होता, आणि त्या नजरेला एकोणीस वर्षांची धार होती. त्याला दिसलं. बूट आधी घोट्यावर पडला. घोटा वळला, आणि वळलेल्या टाचेने चेंडू उडाला. बचावपटूने चेंडूला शिवलंसुद्धा नव्हतं. स्वच्छ पेनल्टी. दगडाचे ओठ हलले, पण स्टेडियमच्या गोंगाटात ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

“दिसलं ना?” मेहुण्याने विचारलं.

एवढेच दोन शब्द. त्याने दुसरं काहीही विचारलं असतं तरी चाललं असतं. दगडाला त्या दोन शब्दांत झेंडा ऐकू आला, अहवाल ऐकू आला, सहा वर्षांची मळमळ ऐकू आली. तो सरळ झाला. हात पाठीमागे गेले.

“निर्णय कायम,” तो म्हणाला.

मग मेहुणा म्हणाला, “परत सांगा.”

“निर्णय कायम. पेनल्टी नाही.”

चव्वेचाळिसावा रेफरी बदलून आला नाही. यजमानांच्या पाठीराख्यांनी असा जल्लोष केला की जणू गोलच झाला, आणि सात मिनिटांनी खरोखरच झाला. नऊ नंबर तोवर लंगडत बाहेर गेला होता, बर्फाची पिशवी बांधून बाकावर बसला होता आणि टॉवेलमध्ये तोंड लपवून रडत होता. दगडाने त्याच्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी तो एकोणीस वर्षांत झाला नव्हता एवढा मोठा झाला. यंत्रापुढे न झुकलेला माणूस, असं टीव्हीवरच्या जाणकारांनी म्हटलं. पेनल्टी होती की नव्हती यावर निम्मे इकडे, निम्मे तिकडे, पण माणसाचा कणा बघा, यावर सगळ्यांचं एकमत. अध्यक्षांचा फोन आला. शेजाऱ्याने जिन्यात हात मिळवला. बायकोने सांगितलं, “आज मला तुमचा फार अभिमान वाटला.” वर हेही म्हणाली, “त्याला वाटलं असेल, आता भावजींना नमवतो. बरी जिरली.” दगड हसला. जेवण मात्र त्याला गेलं नाही, आणि दमलोय, असं सांगून तो ताटावरून उठला.

रविवारी सकाळी अकराला दारावरची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. बाहेर तिचा भाऊ होता. सहा वर्षांत केस पांढरे झाले होते.

“पायरी चढू नकोस म्हणाली होतीस,” तो म्हणाला. “पाच मिनिटांसाठी चढतो. मग जातो.”

“कशाला आलायस? कालची जिरलेली पुरली नाही?”

“ताई, पाच मिनिटं.”

ती बाजूला झाली, पण बस म्हणाली नाही. तो सरळ स्वयंपाकघरात गेला, टेबलापाशी उभा राहिला आणि मीठदाणी सरकवून तिथे फोन ठेवला. दगड पेपर घेऊन तिथेच बसला होता. पेपरात त्याचाच फोटो होता.

“सामन्याचं चित्रण खोलीबाहेर काढायला मनाई आहे,” दगड म्हणाला.

“मग करा तक्रार. अहवाल लिहायची तुम्हाला सवय आहेच.” मेहुण्याने फोनवर बोट ठेवलं. “सोमवारच्या बैठकीत चित्रं बिनआवाजाची लावतात, ठाऊक आहे ना? तुम्ही रेफरी मैदानात जे बोलता ते चारचौघांत ऐकण्यासारखं नसतं म्हणून. व्हिडिओ रेफरीने मागितला तरच आवाज लावतात. आणि पडद्यापाशी तुम्ही जे बोलता ते फक्त आमच्या खोलीत ऐकू येतं. आता हे ऐका.”

आधी नुसता गोंगाट. मग मेहुण्याचा आवाज, गोलमागचा कॅमेरा दाखवतोय. आणि मग अगदी जवळून, श्वासासकट, दगडाचा स्वतःचा आवाज. काकडी चिरताना असतो तसा, पुटपुटता, प्रामाणिक.

“बूट. घोटा. आधी घोटा. चेंडूला नाहीच लागला. पेनल्टी.”

“दिसलं ना?”

“निर्णय कायम.”

मेहुण्याने फोन उलटा ठेवला. दगडाने हातातला पेपर टेबलावर ठेवला. आपण बोललो होतो, हे त्याला या क्षणापर्यंत ठाऊकच नव्हतं. चुकलेल्या रेफरीला समिती माफ करते, चूक हा धंद्याचाच भाग आहे. पण बघून, बोलून, वर उलटं सांगितलेल्या रेफरीला फायनल काय, गल्लीतली मॅचसुद्धा कुणी देणार नाही. एकोणीस वर्षं दोन वाक्यांत जाणार होती, आणि दोन्ही त्याचीच होती.

“काय हवंय तुला?” त्याने विचारलं.

“तुमच्याकडून? काही नाही. मला फक्त हिला ऐकवायचं होतं.”

बायको ओट्याला टेकून उभी होती. ती फोनकडे बघत नव्हती, नवऱ्याकडे बघत होती, दुकानातून आणलेली वस्तू घरी आल्यावर निरखावी तशी.

“तुम्हाला दिसलं होतं,” ती म्हणाली.

“अगं, तिथे त्या गडबडीत माणूस काहीही...”

“दिसलं होतं. बोललातही. आणि मग उलटं सांगितलंत.” ती पुढे आली, खुर्ची ओढली, त्याच्या समोर बसली. “सहा वर्षांपूर्वी याचा झेंडा वर होता का?”

“त्याचा आता काय संबंध?”

“होता का?”

“इतक्या वर्षांपूर्वीचं मला कसं आठवणार!”

“तुम्हाला पहिल्या सामन्यातला कॉर्नर कुठल्या मिनिटाला झाला ते आठवतं.” तिचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. “आईच्या शेवटच्या दिवसांत मी याच्याशी बोलले नाही. ती विचारायची, तुमच्यात काय झालंय, आणि मी म्हणायचे, याने माझ्या नवऱ्यावर खोटा आळ घेतला. आईला मी तेच सांगून पाठवलं. आता दिसलं ते बोला. तुम्हीच शिकवता ना पोरांना? बोला.”

दगडाचे हात पाठीमागे जायला निघाले, पण बसलेल्या माणसाला खुर्चीची पाठ आडवी येते. ते मांडीवरच राहिले.

“वर होता,” तो म्हणाला.

“कधी?”

“गोलच्या आधी. मी बघितला.”

मेहुण्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याला बहुतेक वाटलं होतं की हे ऐकल्यावर बरं वाटेल. मग त्याने फोन उचलून खिशात टाकला.

“झालं माझं काम,” तो म्हणाला. “उद्या बिनआवाजाचं लावतो. गोलमागच्या चित्रावर काथ्याकूट होईल, तुम्ही निभावून न्याल. घ्या तुमची फायनल. माझ्याकडून दिली असं समजा, आणि भिंतीवर लावा.”

त्या ‘दिली’त इतकी तुच्छता होती की दुसऱ्या कुठल्याही दिवशी दगड उठून अंगावर गेला असता. आज तो गेला नाही. फायनल मिळणार होती. अपमान गिळता येतो, त्याच्या मनात आलं, अपमान कुणाला दिसत नाही. त्याने मान खाली घातली आणि हळूच हलवली, होकारार्थी. बायकोने ती हललेली मान पाहिली.

“आवाजासकट लाव,” ती म्हणाली.

दोघांनीही वर बघितलं.

“ताई,” मेहुणा म्हणाला, “मी रागात आलो होतो गं. हे संपलं आता. ह्यांचा शेवटचा हंगाम आहे, तू विचार कर.”

“मी सहा वर्षांपूर्वी विचार केला नव्हता. आज केलाय. त्या लंगडणाऱ्या पोराच्या घरीही कुणी असेल, कालपासून त्याला विचारत असेल, खरंच लागलं होतं का रे, म्हणून. लाव आवाजासकट. नाही लावलास तर मी स्वतः येऊन सांगेन, आणि मग तुझीही नोकरी जाईल.”

“अगं, माझा तरी विचार कर!” दगड ओरडला. एकोणीस वर्षांत त्याने कधी कुणापुढे गयावया केली नव्हती, त्यामुळे त्याला ती जमतही नव्हती. “एकच सामना. एवढा एक दे मला. आयुष्यभर कधी काही मागितलंय तुझ्याकडे?”

“नाही मागितलं,” ती म्हणाली. “न मागताच घेतलंत. माझा भाऊ घेतलात.”

ती उठली. दिवाणखान्यात गेली. तिथून खिळा उपटल्याचा आवाज आला, मग प्लास्टरचा तुकडा जमिनीवर पडल्याचा. परत येऊन तिने खिळा टेबलावर, पेपरातल्या फोटोशेजारी ठेवला, हात धुतले आणि चहाचं पाणी चढवलं.

“बस,” ती भावाला म्हणाली. “साखर अजून दीडच चमचा का?”

मेहुणा दाराकडे बघत उभा होता. मग त्याने खुर्ची ओढली, दगडापासून जमेल तेवढी लांब. “एक,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी कमी करायला सांगितलीय.”

“कधीपासून?”

“चार वर्षं झाली.”

चहा उकळला, तिने गाळला, एक कप भावासमोर ठेवला आणि एक स्वतःसाठी घेतला. दगड ओट्याकडे बघत राहिला. तिसरा कप तिने काढलाच नव्हता.